दूरदेशीच्या आज्या आणि त्यांची शाळकरी नातवंडे

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी झाली. मी काही व्याख्याती नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा मोठमोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. पण गेले काही महिने एका विषयावर मुलीकडून पुष्कळ वाचून घेतले, तिला पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतले, आणि ते आपल्या कानावर घालावे असे मनापासून वाटले. परक्या देशातल्या, आईबापांविना वाढणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी काही साध्यासुध्या घरगुती बायकांनी काय केले आणि कसे केले, तो हा विषय.

आपल्याला वाटेल, एवढ्या लांबची गोष्ट आजच कशाला? त्याला कारण आहे. आपल्या रौप्यमहोत्सवी निधीचे काय करायचे, हे पुढच्या सभेत ठरायचे आहे. त्या ठरावाशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगते. आधी गोष्ट ऐका.

आफ्रिका खंडात युगांडा नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया नावाचे समुद्रासारखे अफाट सरोवर आहे. त्या सरोवराच्या काठी, राकाई जिल्ह्यात, १९८२ च्या सुमारास माणसे एका नव्याच दुखण्याने झिजू लागली. धट्टाकट्टा माणूस काही महिन्यांत काडीसारखा व्हायचा. लोकांनी त्या दुखण्याचे नावच ‘स्लिम’, म्हणजे बारीक करणारे, असे ठेवले. तोच पुढे सगळ्या जगाला एड्स म्हणून ठाऊक झालेला रोग. पुढच्या वीस वर्षांत तो आफ्रिकेच्या पूर्वेला आणि दक्षिणेला घरोघर शिरला.

इतर साथी येतात त्या म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे आधी नेतात. या रोगाची तऱ्हा उलटी. तो नेमका कर्त्या वयाच्या माणसांना धरतो. नवरा जातो, पाठोपाठ बायको जाते. मागे राहतात लहान मुले आणि त्यांची आजी. म्हातारपणी मुलाच्या खांद्यावरून जावे अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. तिथल्या आज्यांना आपल्या हाताने मुलगा पुरावा लागला, मग मुलगी, मग सूनही. आणि रडायलाही उसंत नाही, कारण भोवती चार-पाच नातवंडे भुकेली बसलेली.

२००५ च्या सुमारास सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत या एका रोगाने आई, बाप किंवा दोघेही हिरावून नेलेली सुमारे १ कोटी २० लाख मुले होती. बोट्स्वाना, मलावी, झिंबाब्वे अशा काही देशांत, अनाथ मुलांपैकी शेकडा ४० ते ६० मुले आजीच्या घरी वाढत होती. जगाच्या पाठीवर कोठेही जा, नातवंड म्हणजे दुधावरची साय. दक्षिण आफ्रिकेत झुलू भाषेत आजीला ‘गोगो’ म्हणतात. युगांडाच्या नैऋत्य भागात ‘मुकाका’ म्हणतात. नावे वेगळी, पण पदर तोच.

मरणाऱ्या आयांनीही आपल्या परीने मुलांची सोय पाहिली होती. युगांडात या रोगाने ग्रासलेल्या स्त्रियांची एक संघटना १९९२ साली उभी राहिली. त्या स्त्रियांनी एक नवाच उपक्रम चालवला. प्रत्येक आईने आपल्या मुलासाठी एक वही लिहून ठेवायची. तू कोठे जन्मलास, पहिला शब्द कोणता बोललास, आपले कूळ कोणते, काका-मामा कोठे राहतात, तुझ्या बापाला काय आवडत असे, हे सगळे त्या वहीत. तिला आठवणींचे पुस्तक म्हणतात. लिहिता न येणारी आई दुसरीकडून लिहवून घेई. ती वही लिहिता लिहिताच, माझ्यामागे या मुलाला कोण पाहील, ही अवघड गोष्ट आई मुलाशी आणि सासर-माहेरच्या माणसांशी बोलून घेई. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी हातातले काम खाली ठेवले. आपले मूल आपल्या माणसांत राहावे, एवढीच त्या आयांची अखेरची इच्छा होती.

आता शाळेकडे येते. युगांडा सरकारने १९९७ साली प्राथमिक शाळेची फी माफ केली. केनियाने २००३ साली केली. पण भगिनींनो, फी माफ झाली म्हणजे शाळा फुकट झाली असे नव्हे, हे आपणा गृहिणींना कोणी सांगायला नको. गणवेश लागतो, वह्या-पेन्सिली लागतात, परीक्षेचे पैसे लागतात, दुपारी पोटात काही लागते. तिथे तेव्हा प्राथमिक संपून माध्यमिक सुरू झाले की फीही लागे. रताळी नि केळी पिकवून घर चालवणाऱ्या साठीच्या आजीने हे पाच मुलांचे कोठून आणायचे? मग काय होते, तेही आपल्याला माहीत आहे. घरातल्या थोरल्या मुलीची शाळा आधी सुटते. ती पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते, आजीला शेतात हात देते. आणि शाळा सुटलेली मुलगी लवकर कोणाच्या तरी घरी जाते, फसवली जाते, आणि ज्या रोगाने आई नेली तोच तिलाही गाठण्याची भीती असते. म्हणून तिथे मुलीची शाळा टिकवणे हे औषधाइतकेच मोलाचे ठरले.

हे दुःख एवढे मोठे, की पाहणाऱ्याने हात टेकावेत. पण कोणी टेकले नाहीत, ती गोष्ट आता सांगते.

कॅनडा देशात, ओटावा या राजधानीपासून थोड्या अंतरावर, गॅटिनो नदीच्या काठी वेकफिल्ड नावाचे लहानसे गाव आहे. २००४ साली त्या गावच्या चर्चमध्ये रोझ लेटवाबा नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या परिचारिका बोलायला आल्या. त्या जोहान्सबर्ग शहराला लागून असलेल्या अलेक्झांड्रा या दाट, गरीब वस्तीत काम करीत. मनाने खचलेली मुले त्यांच्याकडे येत, ती बहुधा आजीचे बोट धरून. बाईंच्या ध्यानात आले की मुलाला सावरायचे तर आधी आजीला सावरले पाहिजे. म्हणून त्यांनी वस्तीतल्या गोगोंना एकत्र बसवले. आपले दुःख एकमेकींना सांगायचे, शिवणकाम करायचे, भाजीपाला लावायचा. आपल्या भाषेत सांगायचे तर महिला मंडळच की हो!

वेकफिल्डच्या बायकांत नॉर्मा गेगी नावाच्या एक वयोवृद्ध निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी गावातल्या डझनभर आज्या गोळा केल्या आणि गट सुरू केला. इकडची एक आजी आणि तिकडची एक गोगो अशा जोड्या लावल्या. पत्रे सुरू झाली. तुझी नातवंडे किती, माझी किती, तुझे गुडघे दुखतात का, माझे दुखतात. पत्रांच्या जोडीने पैसे जाऊ लागले, घरखर्चाला आणि मुलांच्या शाळेला. ना इमारत, ना पगारी माणसे. डझनभर आज्या एवढेच त्यांचे भांडवल.

त्यांचे पाहून दुसरे गट निघाले. स्टीफन लुईस हे कॅनडाचे गृहस्थ २००१ ते २००६ या काळात आफ्रिकेतल्या एड्ससाठी संयुक्त राष्ट्रसंघाचे विशेष दूत होते. त्यांच्या नावाच्या संस्थेने ७ मार्च २००६ रोजी, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, ‘आज्यांकडून आज्यांकडे’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटो शहरात आफ्रिकेच्या १०० आज्या आणि कॅनडाच्या २०० आज्या एका छपराखाली जमल्या. पुढे अशा गटांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि पंधरा-सोळा वर्षांत या आज्यांनी ४ कोटी डॉलरांहून अधिक पैसा उभा केला.

ही रक्कम ऐकून आपण म्हणाल, श्रीमंत देशातल्या बायका त्या, त्यांना काय कमी? देश श्रीमंत खरा. पण पैसा जमला कसा ते ऐका. कोणी पिशव्या शिवून विकल्या. कोणी बागेतली रोपे विकली. कोणी जुनी पुस्तके विकली. काही गावांत तर कापडाचा बाजार भरवतात. घेऊन ठेवलेले आणि कधीच न शिवलेले कापड ज्याच्या त्याच्या कपाटात पडून असते. ते आणून द्यायचे, आणि गरजूने स्वस्तात घ्यायचे. (आपल्या कपाटांतल्या ब्लाउजपिसांची मला येथे फार आठवण झाली!) व्हँकूव्हर बेटावर २००७ पासून पंचावन्न-साठी ओलांडलेल्या बायका तीन दिवसांत सुमारे २७५ किलोमीटर सायकल चालवीत जाऊन देणग्या मिळवू लागल्या. म्हणजे कोणा एका धनिकाचा हा दानधर्म नव्हे. थेंबे थेंबे तळे साचे, तसे हे तळे साचले.

पण पैसा जमवणे हा कामाचा अर्धा भाग. तो देणे हा उरलेला अर्धा, आणि मला वाटते अधिक अवघड. तिकडे या पैशातून मोठमोठे अनाथाश्रम बांधले नाहीत. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा तेच सुचते. अनाथ मूल दिसले की आश्रम बांधावा, दाराशी पाटी लावावी. पण आश्रमात एका मुलामागे जो खर्च येतो, त्यात आजीच्या घरची कितीतरी मुले शाळेत जातात. आणि जगभरच्या पाहणीत असे आढळले आहे की अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. गरिबीपायी आणि शाळेच्या आशेने मुले तिथे ठेवलेली असतात. शाळेचा खर्च घरी बसून मिळाला असता तर मूल घरीच राहिले असते. म्हणून या आज्यांचा पैसा तिकडच्या गावोगावच्या लहान मंडळांकडे जातो, आणि त्यातून गणवेश, फी, वह्या, पोटाला अन्न, घरावर पत्रे असा पोहोचतो. मूल मात्र आजीपाशीच राहते.

याच रीतीची दुसरी गोष्ट युगांडातलीच आहे. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात, कानुंगू जिल्ह्यात, न्याकाग्येझी नावाचे डोंगराळ खेडे आहे. तिथला त्वेसिग्ये जॅक्सन कागुरी हा मुलगा शिकून अमेरिकेला गेला. मागे १९९६ साली त्याचा भाऊ एड्सने गेला, पुढच्या वर्षी बहीण गेली. दोघांची मुले पोरकी झाली. तो बायकोसह गावी आला की गावातल्या आज्या दारात येऊन उभ्या राहत. आमच्या नातवंडांच्या शाळेचे काहीतरी कर, एवढेच त्यांचे मागणे. या नवराबायकोने अमेरिकेत घर घ्यायला म्हणून ५,००० डॉलर साठवले होते. ते त्यांनी २००१ साली शाळेला लावले. गावकऱ्यांनी हातभार लावला, आणि जानेवारी २००३ मध्ये पन्नासएक अनाथ मुलांची शाळा सुरू झाली. फी नाही, गणवेश शाळेचा, आणि मुलांना शाळेतच खायला.

पण शाळा सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की मूल शाळेत सहा-सात तास असते, उरलेला वेळ गळक्या झोपडीत, धुराच्या चुलीपाशी, आजारी आजीजवळ असते. रात्री पाऊस घरात येत असेल तर सकाळी मुलाचे डोके गणितात कसे चालणार? तेव्हा त्यांनी आज्यांचे गट केले. या गटांतली सगळ्यात चांगली गोष्ट मला ही वाटते, की घर कोणाला आधी बांधून द्यायचे, स्वयंपाकघर कोणाला, शौचकूप कोणाला, लहान कर्ज कोणाला, हे आज्यांचा गट स्वतः ठरवतो. गावात कोणाची नड किती मोठी, हे बाहेरून आलेल्या साहेबापेक्षा शेजारणीला अधिक कळते. डझनभर आज्यांपासून नव्हे, पण एका गावातून निघालेले हे काम पुढे हजारो आज्यांपर्यंत गेले.

या साऱ्या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. या रोगावर औषधे निघाली होती. पण २००० सालापर्यंत एका रोग्याच्या एका वर्षाच्या औषधाला १०,००० डॉलरांहून अधिक पैसे पडत. आफ्रिकेतल्या गरीब आईला ती असून नसल्यासारखीच. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी पैशात, डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला देऊ केली. त्यानंतर किमती खाली आल्या, आणि पुढच्या वर्षांत लाखो आया जगल्या. जी आई जगली, तिचे मूल पोरके व्हायचे वाचले. पण त्याआधी जी मुले पोरकी झाली ती झालीच, आणि आजही जगात या रोगाने पोरकी केलेली एक कोटीहून अधिक मुले आहेत. त्यातच २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने परदेशी मदतीत मोठी कपात केली. सरकारची मदत फार मोठी असते आणि ती हवीच. पण ती एका सहीने येते आणि एका सहीने थांबते. अशा वेळी आज्यांच्या लहान गटांची किंमत अधिकच कळते.

भगिनींनो, आता मी आपल्या घरी येते. आपण पैसे आफ्रिकेला पाठवावेत असे माझे म्हणणे नाही. आपले मंडळ लहान आहे, आणि परदेशी पैसे पाठवणे हे आपल्या आवाक्यातले काम नव्हे. त्या बायकांची रीत मात्र आपल्याला फुकट घेता येण्यासारखी आहे.

आपल्याच वस्तीत आजीपाशी वाढणारी मुले आहेत. नावे मी घेणार नाही, घेऊ नयेतच. कोणाचे बाप अपघातात गेले, कोणाची आई आजारात गेली, २०२० आणि २०२१ च्या करोनाने तर काही घरांत दोघांनाही नेले. त्यांच्या आज्या भाजी विकतात, चार घरची भांडी घासतात, आणि आपल्याशी बोलताना हसून बोलतात. आपल्याकडे सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तके आणि दुपारचे जेवण मिळते. खर्चाची खरी ओढाताण नववीला सुरू होते. वह्या, प्रवास, परीक्षेची फी, शिकवणी. आफ्रिकेत जिथे मूल गळते, तिथेच आपलेही गळते. आणि आपल्याकडेही बहुधा मुलगीच आधी गळते.

आता रौप्यमहोत्सवी निधीचा विचार करू. मोठा समारंभ करावा, पाहुणे बोलवावेत, व्यासपीठावर गरीब मुलांना वह्या आणि गणवेश वाटावेत, अशी सूचना काही भगिनींनी केली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण मला नम्रपणे वेगळे सुचवायचे आहे. व्यासपीठावर उभे राहून वही घेणाऱ्या मुलाचा फोटो निघतो. तो फोटो दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातली मुले पाहतात. आजपर्यंत तो वर्गातला एक मुलगा होता, आता तो वह्या घेणारा मुलगा झाला. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले ते उगाच नव्हे. आणि दुसरे असे, की जूनमध्ये दिलेल्या वह्या दिवाळीपर्यंत संपतात. शाळा मात्र एप्रिलपर्यंत चालते, आणि मुलाचे शिक्षण त्याही पुढे कित्येक वर्षे.

म्हणून माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, निधी एकदम खर्च करू नये. तो बँकेत ठेवावा आणि जोडीला आपण प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये द्यावेत. आपण साठजणी आहोत. महिन्याचे बाराशे, वर्षाचे १४,४०० रुपये होतात. भिशीचे पैसे आपण एक दिवसही चुकवत नाही, तसेच हेही चुकवू नयेत. आपल्या आजेसासवांच्या काळी चांगल्या कामासाठी मुष्टिफंड असे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. वीस रुपये म्हणजे आजची ती मूठ समजा.

दुसरी, मुले थोडी घ्यावीत पण शेवटपर्यंत घ्यावीत. पहिल्या वर्षी दोन किंवा तीनच. नववीत धरलेला हात बारावी होईपर्यंत सोडायचा नाही. वीस मुलांना एक-एक वही देण्याने वीस फोटो निघतील. दोन मुलींना चार-चार वर्षे सांभाळले तर दोन मुली बारावी पास होतील.

तिसरी, काय हवे ते आजीला विचारावे. आपण घरी बसून ठरवू नये. आपण दप्तर घेऊन जाऊ, आणि तिला हवा असेल मुलीच्या बसचा पास. किंवा हवे असेल चष्म्याचे दुकान दाखवणारे कोणी. पैसे फारसे लागणार नाहीत अशा पुष्कळ नडी असतात. उदाहरण सांगते. आई किंवा बाप गमावलेल्या, नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा अनुदान मिळते. पण त्याला मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक अशी कागदपत्रे लागतात, आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात खेटे घालावे लागतात. साठीच्या आजीला ते कसे जमावे? आपल्यापैकी ज्यांना लिहिण्यावाचण्याची सवय आहे त्यांनी तिच्याबरोबर जावे. यात मंडळाचा खर्च रिक्षाभाड्याएवढाच, पण त्या घरात महिन्याकाठी नियमाने काही येऊ लागेल.

चौथी, नावे गुप्त ठेवावीत. मुले कोणती हे अध्यक्षीणबाई आणि दोन सभासद यांनाच ठाऊक असावे. पैसे आजीच्या हाती किंवा थेट शाळेत भरावेत. अहवालात एवढेच छापावे, की इतक्या मुलांना इतके साहाय्य दिले.

पाचवी, हिशेब मात्र मुळीच गुप्त ठेवू नये. नावे झाकायची, पण पैसा उघडा ठेवायचा. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च फळ्यावर लिहावा. आपले मंडळ पंचवीस वर्षे टिकले ते पापडाच्या पिठापासून सतरंजीच्या भाड्यापर्यंत पैन् पैचा हिशेब दिला म्हणून. तीच पुण्याई येथे उपयोगी पडेल.

एक शंका कोणी तरी काढील, आणि ती रास्त आहे. आपणच मध्यम परिस्थितीच्या बायका. गॅस, तेल, मुलांच्या फिया यांनी आपलेच कंबरडे मोडले आहे. मग दुसऱ्याच्या मुलांचे कोठून करायचे? याला माझे उत्तर असे, की ज्या गोगोंची गोष्ट मी सांगितली, त्या आपल्याहून कितीतरी गरीब. तरी त्यांच्यापैकी पुष्कळजणींनी आपल्या नातवंडांबरोबर शेजारची पोरकी मुलेही घरात घेतली. भाकरीचे तुकडे लहान झाले, पण कोणाला उपाशी निजवले नाही. त्यांच्यापुढे आपले वीस रुपये म्हणजे फुलाची पाकळीही नव्हे.

आणि असे समजू नका की यात देणारे आपण आणि घेणाऱ्या त्या. म्हातारपणी बायका एकट्या पडतात, तिकडेही आणि आपल्याकडेही. मुले दूर, घर रिकामे. पत्र लिहायला, पिशवी शिवायला, कोणाच्या तरी नातीचा निकाल ऐकायला वेकफिल्डच्या बायकांना कारण मिळाले. आपल्या मंडळातही ज्यांची मुले परगावी आहेत अशा वडील भगिनी आहेत. संध्याकाळी तासभर मुलीला अभ्यासाला जवळ बसवणे, तिचे पाढे ऐकणे, तिला गरम पोळी वाढणे, याला निधी लागत नाही. अशा घराचे दार उघडे मिळाले तर पैशाने होणार नाही ते काम होईल.

पंचवीस वर्षांत आपण हळदीकुंकू केले, भोंडला केला, सहली काढल्या, पाककृतींच्या स्पर्धा घेतल्या. ते सगळे आनंदाचे होते आणि पुढेही व्हावे. पण पन्नासाव्या वर्धापनदिनी या व्यासपीठावरून कोणी बोलायला उभी राहील, तेव्हा तिला आपल्याविषयी काय सांगता यावे, याचा विचार आज आपण करावा. रौप्यमहोत्सवाला थाटाचा समारंभ झाला होता, हे तोवर सगळे विसरलेले असतील. पण आजीपाशी राहून शिकलेली एखादी मुलगी तेव्हा चाळिशीत असेल, कोठे परिचारिका असेल, कोठे शिक्षिका असेल, आणि कदाचित याच मंडळाची सभासदही असेल. ती कोण हे कोणाला ठाऊक नसेल, आणि ते तसेच असावे.

पुढच्या सभेत हा ठराव मी रीतसर मांडणार आहे. आपण घरी जाऊन विचार करावा, घरच्या मंडळींशी बोलावे, माझ्या सूचनांत जे उणे असेल ते दाखवावे, आणि पटले तर हात वर करावा.